हुकूमशहाचें बालपण आणि शहाण्यांची सोय

ज्याप्रमाणें संतांच्या चरित्रांची एक ठराविक बांधणी आपल्याकडे पूर्वींपासून चालत आली आहे, त्याप्रमाणें अलीकडे दुष्टांच्या चरित्रांचीहि एक ठराविक बांधणी होऊन बसली आहे. संताच्या जन्मवेळीं आकाशांतून पुष्पवृष्टि व्हावयाची. हुकूमशहाच्या बालपणीं बापाच्या हातांत काठी असावयाची. पहिल्या प्रकरणांत कोपिष्ट बाप, दुसऱ्यांत सोशिक आई व तिचा अकालीं मृत्यु, तिसऱ्यांत दारिद्र्य, उपहास व नाकारलेली कला. आणि मग चौथ्या प्रकरणापासून रक्ताचे पाट. वाचक पुस्तक मिटतो, एक सुस्कारा टाकतो आणि ‘बिचाऱ्याला लहानपणीं कोणी माया लावली असती तर!’ असें म्हणून दिवा मालवून झोंपीं जातो. आमचा वाद या सुस्काऱ्याशीं आहे.

अडॉल्फ हिटलर हा या वाङ्मयाचा नायक. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९४३ सालीं, अमेरिकेच्या गुप्तवार्ताखात्यासाठीं वॉल्टर लँगर नांवाच्या मनोविश्लेषकानें हिटलरच्या मनाचें एक गुप्त टांचण तयार केलें. तें १९७२ सालीं पुस्तकरूपानें बाहेर आलें. पुढें १९८० त अ‍ॅलिस मिलर या स्वित्झर्लंडमधील लेखिकेनें त्याच्या बालपणींच्या माराचा संबंध थेट त्याच्या पुढील अत्याचारांशीं जोडला. तेव्हांपासून हा विचार रविवारच्या पुरवण्यांतून व बोलपटांतून झिरपत झिरपत आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांपर्यंत येऊन पोंचला आहे. ‘जर्मनींत लोकशाही कां बुडाली?’ असा निबंध आम्हीं एकदां पदवीच्या वर्गास घातला होता. निम्म्याहून अधिक वह्यांत हिटलरच्या बापाची काठी होती. जर्मनीच्या अध्यक्षांचें नांव मात्र दोन-तीन वह्यांतच सांपडलें. मुलांचा त्यांत फारसा दोष नाहीं. वडील माणसें जें बोलतात तेंच मुलें लिहितात.

प्रथम जें खरें तें कबूल करूं. हिटलरचा बाप आलोइस हा ऑस्ट्रियाच्या जकातखात्यांतील अधिकारी. स्वभावानें तापट, घरांत त्याचा धाक. तो पोरास मारीत असे, ही गोष्ट हिटलरची सख्खी धाकटी बहीण पाउला हिनेंच पुढें सांगितली आहे. १९०३ च्या जानेवारींत बाप वारला तेव्हां मुलगा तेरा वर्षांचा होता. १९०७ च्या डिसेंबरांत आई क्लारा कर्करोगानें गेली. त्याच सालीं, आणि पुन्हा १९०८ त, व्हिएन्नाच्या ललितकला-विद्यालयानें त्याला प्रवेश नाकारला. यांतलें कांहींच आम्ही खोटें म्हणत नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, एवढ्यावरून सिद्ध काय झालें?

पाउला त्याच घरांत वाढली, तिनें तोच बाप पाहिला, तीच आई तिलाहि अंतरली, आणि तीहि अगदीं लहान वयांत. तिनें व्हिएन्नांत कारकुनी केली आणि १९६० सालीं ती निवर्तली; तिनें कोणाचें राज्य बुडविलें नाहीं. त्या काळच्या ऑस्ट्रियांत, जर्मनींत आणि इंग्लंडांतील नामांकित शाळांतहि मुलांना मारणें हा शिक्षणाचाच भाग मानला जाई. आपल्याकडील गोष्ट तर सांगावयासच नको. आमच्या आजोबांच्या पिढीनें पंतोजींच्या छड्या खाल्ल्या, अंगठे धरून उन्हांत उभें राहणें सोसलें, आणि घरीं येऊन तक्रार केली तर वडिलांच्या हातचा आणखी प्रसाद घेतला. ‘श्यामची आई’मधील श्यामाला पोहावयास जात नाहीं म्हणून साक्षात् आईच्या हातचा मार बसला, आणि त्या श्यामाचे पुढें साने गुरुजी झाले. बापाच्या माराने हुकूमशहा निपजत असता, तर कोंकणापासून खानदेशापर्यंत गांवोगांव एकेक हुकूमशहा चावडीवर बसलेला दिसला असता. जें कारण लाखों घरांत आहे, त्यानें एकाच घरांतील कार्य समजावून सांगावयाचें, हा तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यांतलाच प्रमाद आहे.

दुसरी गोष्ट याहूनहि महत्त्वाची आहे. व्हिएन्नांतील हालअपेष्टांची ती करुण कथा आपल्याला प्रथम सांगितली कोणीं? ज्याची ती कथा, त्यानेंच. ‘माइन काम्फ’ या ग्रंथाचा पहिला भाग १९२५ त प्रसिद्ध झाला. त्यांत आपलीं व्हिएन्नांतील वर्षें हिटलरनें भूक व कष्ट यांच्या रंगांत रंगविलीं. ब्रिगिटे हामान या विदुषीनें १९९६ सालीं त्या वर्षांवर मोठ्या मेहनतीचा ग्रंथ लिहिला, त्यांत या रंगाखालचें लांकूड दिसतें. बापामागें त्याला अनाथ-वेतन म्हणून महिना २५ क्रोन मिळत होते, आणि तें वेतन १९११ पर्यंत चालू होतें. आईबापांमागें थोडाफार वारसाहि हातीं आला होता. हा पैसा त्यानें नाटकगृहांत, वाग्नरच्या संगीतांत आणि दुपारपर्यंत झोंपण्यांत घालविला. १९०९ च्या अखेरीस कांहीं काळ तो बेघरांच्या आश्रयगृहांत राहिला हें खरें. परंतु तेथपर्यंत जातांना वाटेंत त्यानें कोठें नोकरी धरून पाहिली, असा पुरावा नाहीं. त्यानंतरचीं तीन वर्षें तो पुरुषांच्या एका वसतिगृहांत राहिला. तेथें निजण्यास स्वतंत्र कप्पा होता, वाचनाची खोली होती, आणि त्या खोलींत बसून तो शहरांतील इमारतींचीं चित्रें काढून विकीत असे.

हीं चित्रें विकत कोण घेई? त्याच्या चांगल्या गिऱ्हाइकांपैकीं एक जण सॅम्युएल मॉर्गनश्टर्न नांवाचा ज्यू दुकानदार होता. आईच्या शेवटच्या दुखण्यांत जे डॉक्टर तिच्या उशाशीं होते, ते डॉ. एडुआर्ड ब्लोख हेहि ज्यू. त्यांच्याविषयीं मुलाच्या मनांत द्वेष राहिला असें म्हणावें, तर १९३८ त ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर याच डॉक्टरांना त्यानें विशेष संरक्षण दिलें, आणि १९४० त ते अमेरिकेस निघून जाऊं शकले. म्हणजे ज्या जखमेंतून साठ लाख ज्यूंच्या हत्येचें विष निघालें असें आपल्याला सांगतात, त्या जखमेच्या जागीं पाहावें तों कृतज्ञता आणि उधारी-रोखीचा व्यवहार. विष निघालें तें नंतर, आणि निराळ्या विहिरींतून.

आमचें म्हणणें असें कीं, दुःखद पूर्वायुष्य हें या माणसाच्या सत्तातृष्णेचें कारण नसून तिचें हत्यार होतें. ‘मी तुमच्यांतलाच, मीहि उपाशी निजलों, मलाहि बड्यांनीं लाथाडलें’ हें सांगितल्यावांचून बेकारांच्या सभा जिंकतां येत नाहींत. आज भूतदयेनें जे लोक ती कथा पुन्हा सांगतात, ते नकळत त्याच जाहिरातीच्या प्रती वांटीत असतात. मुंबई-पुण्याच्या पदपथांवर तें पुस्तक इंग्रजींत आणि मराठींतहि मांडलेलें असतें. आणि शेजारीं काय असतें? उद्योगांत यश कसें मिळवावें, मन एकाग्र कसें करावें, सामान्य कुळांतून वर आलेल्या कोट्यधीशांचीं चरित्रें. पुस्तकविक्या भाबडा नसतो. गिऱ्हाईक हें पुस्तक कोणत्या भुकेनें उचलतें हें त्याला प्राध्यापकांहून अधिक ठाऊक असतें.

आतां सत्तेच्या हांवेकडे वळूं. ही हांव जर बापाच्या काठीनें लहानपणींच पेरली होती, तर तिचा अंकुर केव्हां दिसला? तिशीपर्यंत तर दिसला नाहीं. १९१४ त तो बव्हेरियाच्या पलटणींत शिरला आणि चार वर्षें निरोप्याचें काम करीत राहिला. काम धोक्याचें होतें. १९१८ च्या ऑगस्टांत त्याला पहिल्या वर्गाचा लोहक्रूस मिळाला, आणि तो मिळावा अशी शिफारस करणारा अधिकारी ह्यूगो गुटमान हाहि ज्यूच होता. परंतु साध्या शिपायाच्या वरची जी पहिली पायरी, तिच्यापुढें तो कधीं गेला नाहीं. इतरांस हुकूम सोडण्याचे गुण याच्या अंगीं नाहींत, असें त्याच्या वरिष्ठांचें मत होतें! ज्याला हुकूम सोडण्याची जन्माची तहान, तो चार वर्षें दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या पोंचवीत स्वस्थ कसा राहिला, याचें उत्तर बालपणवाद्यांनीं आम्हांस द्यावें.

ती तहान लागली १९१९ त, म्यूनिक येथें, आणि ती लावण्याचा खर्च सरकारी होता. युद्धानंतरच्या क्रांतीनें घाबरलेल्या लष्करानें शिपायांना साम्यवादाविरुद्ध बोलावयास शिकविण्याचा एक वर्ग काढला. कॅप्टन कार्ल मायर हा त्याचा चालक. व्याख्यात्यांत कार्ल आलेक्सांडर फॉन म्यूलर नांवाचे इतिहासाचे विद्वान होते. व्याख्यान संपल्यावर एका फिकट चेहऱ्याच्या शिपायाभोंवतीं माणसें जमून ऐकत उभीं आहेत, हें त्यांनीं पाहिलें आणि मायरला सांगितलें कीं, तुझ्या माणसांत एक उपजत वक्ता आहे. मायरनें त्या वक्त्यास कामास जुंपलें, आणि १२ सप्टेंबर १९१९ रोजीं एका चिमुकल्या पक्षाच्या सभेस टेहळणीसाठीं पाठविलें. पुढें तोच पक्ष त्याचा झाला. मायरला कांहीं वर्षांनीं पश्चात्ताप होऊन तो उलट बाजूस गेला आणि १९४५ सालीं बूखेनवाल्डच्या छळछावणींत मेला. फॉन म्यूलर यांस पश्चात्ताप झाल्याचें तेव्हां तरी दिसलें नाहीं. १९३३ त ते पक्षाचे सभासद झाले आणि १९३५ पासून जर्मनीच्या अग्रगण्य इतिहास-नियतकालिकाचे संपादक. वक्तृत्वाचा पहिला पारखी विद्वान, पहिला पोशिंदा लष्करी अधिकारी. बाप आलोइस तोंपर्यंत सोळा वर्षें थडग्यांत होता.

मग न्यायमंदिराची पाळी आली. ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्रीं हिटलरनें म्यूनिकच्या एका मद्यगृहांत पिस्तूल झाडून बंड पुकारलें. दुसऱ्या दिवशीं तें मोडलें, पण त्यांत चार पोलिसांचे प्राण गेले. १९२४ च्या फेब्रुवारींत खटला उभा राहिला. न्यायाध्यक्ष गेओर्ग नाइटहार्ट यांनीं आरोपीस तासन् तास भाषण करूं दिलें, साक्षीदारांची उलटतपासणी करूं दिली. आणि म्यूनिकबाहेर ज्याला कोणी ओळखीत नव्हतें, तो माणूस वृत्तपत्रांतून देशभर गाजला. राजद्रोहाची कमींत कमी शिक्षा, पांच वर्षें, ती दिली. परकी नागरिकानें राज्यद्रोह केल्यास त्याला देशाबाहेर घालवावें, असें कायद्यांत स्पष्ट कलम होतें, आणि हिटलर तर ऑस्ट्रियाचा नागरिक. न्यायालयानें म्हटलें कीं, इतक्या जर्मन मनाच्या माणसास हें कलम लावणें योग्य नव्हे. २० डिसेंबर १९२४ रोजीं तो तुरुंगांतून बाहेरहि पडला. तें कलम लावलें असतें तर पुढचा इतिहास कसा झाला असता, हें आम्ही सांगत नाहीं. पण लावलें नाहीं, आणि न लावणारा हात कायद्याच्या पदवीधराचा होता. या न्यायमूर्तींना लहानपणीं कोणी मारलें होतें काय, याची चौकशी कोणी केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां थोडे आंकडे. १९२८ च्या मे महिन्यांतील निवडणुकींत हिटलरच्या पक्षास शेंकडा २.६ मतें पडलीं आणि १२ जागा मिळाल्या. १९३० च्या सप्टेंबरांत शेंकडा १८.३ मतें व १०७ जागा. १९३२ च्या जुलैंत शेंकडा ३७.३ मतें व २३० जागा. या चार वर्षांत हिटलरचें बालपण बदललें होतें काय? बाप तोच, काठी तीच, विद्यालयानें परत केलेलीं चित्रें तींच. बदललें तें निराळेंच. १९२९ त न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, अमेरिकेनें दिलेलीं कर्जें परत मागितलीं जाऊं लागलीं, कारखाने बंद पडले, आणि १९३२ च्या आरंभीं जर्मनींतील बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. शिवाय विधिमंडळास बाजूस सारून अध्यक्षांच्या वटहुकमांनीं कारभार हांकण्याची संवय देशास १९३० पासूनच लागली होती, आणि ‘काय ती रोजची वादावादी! एकाच्या हातीं कारभार असला म्हणजे बरें’ असें बोलणें सभ्य घरांत रूढ झालें होतें. हें वाक्य आमच्या वाचकांनीं कोठें ऐकलें आहे काय? आम्हीं ऐकलें आहे, आणि तें अशिक्षितांच्या तोंडून क्वचितच.

आणि येथें एक गोष्ट नेहमी गाळली जाते. १९३२ च्या नोव्हेंबरांत हिटलर घसरणीस लागला होता. त्या निवडणुकींत त्याचीं वीस लाख मतें कमी झालीं, जागा २३० वरून १९६ वर आल्या, पक्षाची तिजोरी रिकामी पडली. लोकांनीं त्याला बहुमत कधींच दिलें नव्हतें, आणि आतां ते पाठहि फिरवूं लागले होते. अशा वेळीं माजी मुख्य प्रधान फ्रांझ फॉन पापेन यांनीं ४ जानेवारी १९३३ रोजीं कोलोन शहरीं एका बँकवाल्याच्या घरीं त्याची गांठ घेतली. पापेन यांस आपल्या जागीं आलेल्या श्लाइखर यांस पाडावयाचें होतें, आणि त्या कामीं हिटलरचा जमाव हवा होता. पंच्याऐशीं वर्षांचे अध्यक्ष हिंडेनबुर्ग आधीं नाखूष होते. त्यांची समजूत पापेन यांनींच घातली. ३० जानेवारीस हिटलर मुख्य प्रधान झाला. मंत्रिमंडळांत नाझी तीनच, बाकीचे सारे खानदानी व अनुभवी. या माणसास आपण भाड्यानें घेतला आहे, दोन महिन्यांत कोपऱ्यांत दाबून टाकूं, अशी बढाई पापेन आपल्या मंडळींत मारीत होते. सत्तेची तहान हिटलरची होती याविषयीं वाद नाहीं. पण पेला भरून ओंठांशीं नेणारे हात हे होते.

त्यापुढील आठ आठवडे आम्ही भराभर सांगतों, कारण ते सर्वांस ठाऊक आहेत. २७ फेब्रुवारीस राइखस्टागची इमारत जळाली, दुसऱ्या दिवशीं वटहुकमानें नागरिकांचे मूलभूत हक्क गेले. ५ मार्चच्या निवडणुकींत दहशत असूनहि नाझींस शेंकडा ४३.९ हूनि अधिक मतें मिळालीं नाहींत. २३ मार्च रोजीं विधिमंडळानें आपले सर्व अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळास देऊन टाकणारा कायदा संमत केला : बाजूनें ४४४, विरुद्ध ९४. साम्यवादी सभासद तुरुंगांत किंवा परागंदा होते. सभागृहांत गणवेशधारी गुंड उभे होते. आणि तरीहि समाजवादी पक्षाचे ओटो वेल्स यांनीं उठून विरोधाचें भाषण केलें, त्यांच्या ९४ जणांनीं विरुद्ध मत दिलें. म्हणजे विरुद्ध मत देणें अशक्य नव्हतें. बाजूनें मत देणाऱ्यांत कॅथलिक मध्यपक्ष होता, उदारमतवादी होते, आणि पुढें १९४९ त पश्चिम जर्मनीचे पहिले अध्यक्ष झालेले थिओडोर हॉइस हेहि होते. हे सर्व सुशील, बहुश्रुत गृहस्थ. यांतील बहुतेकांचें बालपण सुखांत गेलें असावें.

आमच्या स्वतःच्या धंद्याविषयीं थोडें अधिक लिहिणें भाग आहे, कारण लेखणी आमच्या हातीं आहे म्हणून आम्हीं आम्हांसच वगळावें हें बरें दिसणार नाहीं. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्यानें ज्यू व सरकारविरोधी प्राध्यापकांस नोकरींतून काढण्यास सुरुवात झाली. एका सकाळीं शेजारच्या खोलींतील सहकारी दिसेनासा होतो. त्यावर आचार्यमंडळींनीं काय केलें? कांहीं मोजक्यांनीं राजीनामे दिले. पुष्कळांनीं रिकाम्या झालेल्या जागांसाठीं अर्ज केले. मार्टिन हायडेगर हे शतकांतील गाढ्या तत्त्वज्ञांपैकीं एक. ते त्याच एप्रिलांत फ्रायबुर्ग विद्यापीठाचे कुलगुरु झाले आणि १ मे रोजीं नाझी पक्षाचे सभासद. कायदेपंडित कार्ल श्मिट हे त्याच दिवशीं पक्षांत शिरले, आणि ३० जून १९३४ रोजीं हिटलरनें आपलेच सहकारी चौकशीवांचून ठार केले तेव्हां, नेता हाच न्यायाचा रक्षक आहे असा लेख त्यांनीं लिहिला. फिलिप लेनार्ड व योहानेस श्टार्क, दोघेहि पदार्थविज्ञानांतील नोबेल पारितोषिकाचे मानकरी, आइन्स्टाइनचें विज्ञान ‘ज्यू विज्ञान’ म्हणून हिणवूं लागले. १० मे १९३३ रोजीं विद्यापीठांच्या गांवांत पुस्तकांच्या होळ्या पेटल्या, त्या गिरणीमजुरांनीं पेटविल्या नव्हत्या. त्या विद्यार्थिसंघांनीं पेटविल्या, आणि कित्येक ठिकाणीं प्राध्यापकांनीं त्यांपुढें भाषणें केलीं. ज्यूंच्या संहाराची व्यवस्था ठरविण्यासाठीं २० जानेवारी १९४२ रोजीं वानझे येथें जे पंधरा जण बसले, त्यांतील निम्म्याहून अधिक डॉक्टरेट मिळविलेले होते.

विद्येनें माणूस निर्भय होतो, हें आम्ही वर्गांत तीस वर्षें सांगत आलों. तें म्यूनिकचे प्राध्यापक कुर्ट हूबर यांच्याविषयीं खरें ठरलें. हिटलरविरुद्ध पत्रकें काढणाऱ्या विद्यार्थ्यांस त्यांनीं साथ दिली, शेवटचें पत्रक स्वतः लिहिलें, आणि १३ जुलै १९४३ रोजीं त्यांचा शिरच्छेद झाला. विद्यापीठानें त्यांना त्याआधींच बडतर्फ केलें होतें, त्यांची पदवीहि काढून घेतली होती.

कोणी म्हणेल, ‘तुम्ही तर सारा दोष इतरांवर ढकलून हिटलरला मोकळा सोडतां.’ नेमकें उलट. मोकळा सोडतो तो बालपणवाद. बापानें मारलें म्हणून त्यानें मारलें, असें म्हटलें कीं तो कर्ता राहतच नाहीं, साखळींतला एक दुवा उरतो. आम्ही तर म्हणतों कीं, प्रत्येक पायरीवर त्यानें जाणूनबुजून निवड केली, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी त्याला हात दिला. दोघेहि आपापल्या कृत्यांचे धनी आहेत. अ‍ॅलिस मिलर बाईंचा हेतु मुलांवरील मार थांबावा हा होता. तो हेतु थोर आहे, मुलांस मारूं नयेच. पण तें मुलांस दुखतें म्हणून मारूं नये. उद्यां तो हुकूमशहा होईल म्हणून नव्हे.

दुसरे कोणी स्टालिनचें उदाहरण पुढें करतील. त्याचा बाप चांभारकाम करी, दारू पिई आणि त्यास बडवी, हें खरें. परंतु पक्षाचें सरचिटणीसपद त्याच्या हातीं १९२२ च्या एप्रिलांत पडलें तें बापामुळें नव्हे. कागदपत्रें व नेमणुका यांचें तें रुक्ष काम इतर तेजस्वी पुढाऱ्यांस नको होतें, म्हणून पडलें. आणि त्यास त्या जागेवरून हलवा असें लेनिननें लिहून ठेविलेलें असतांहि १९२४ त त्याच पुढाऱ्यांनीं तें टिपण बाहेर येऊं दिलें नाहीं.

पण या वादाचा खरा निकाल आमच्या मतें गोमंतकाशीं संबंध आलेल्या एका हुकूमशहाच्या चरित्रांत आहे. हिटलर जन्मला २० एप्रिल १८८९ रोजीं. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनीं पोर्तुगालांतील एका खेड्यांत अंतोनियु द ऑलिव्हेरा सालाझार जन्मला. चार बहिणींच्या पाठीवरचा एकुलता एक मुलगा, कुटुंब साधें, धार्मिक, खाऊनपिऊन सुखी, आईचा लाडका. धर्मशाळेंत शिकला, कोइंब्रा विद्यापीठांत पहिल्या प्रतीचा विद्यार्थी ठरला आणि तेथेंच अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. ना काठी, ना भूक, ना नाकारलेलीं चित्रें. १९२८ त लष्करशहांनीं त्याला विनवून अर्थमंत्री केलें, १९३२ त तो मुख्य प्रधान झाला, आणि १९६८ पर्यंत, छत्तीस वर्षें, त्यानें देशावर गुप्त पोलिस, वृत्तपत्रांवरील पहारा आणि केप व्हर्डे बेटावरील ताराफालची छळछावणी यांच्या जोरावर राज्य केलें. गोमंतकीय स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते डॉ. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ त पकडून पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यांत पाठविलें, तें याच सौम्य प्राध्यापकाच्या राज्यांत. मोहन रानडे हे मराठी शिक्षक १९५५ त पकडले गेले, आणि १९६१ त गोवा मुक्त झाल्यावरहि पोर्तुगालच्या तुरुंगांत राहून १९६९ त सुटले. आमच्या सुस्कारा टाकणाऱ्या मित्रांनीं रानड्यांच्या कोठडीपुढें उभें राहून सांगावें कीं, या हुकूमशहाला लहानपणीं कोणाची माया कमी पडली होती!

मग बालपणाची ही कथा इतकी लोकप्रिय कां? कारण ती सोयीची आहे. पोरास मारणारा बाप आम्ही नव्हे, दारूबाज चांभार आम्ही नव्हे. म्हणून त्या पुस्तकांत आमचें नांव कोठेंच येत नाहीं. तीच कथा न्यायमूर्ति, बँकवाले, संपादक, कुलगुरु व मध्यपक्षाचे सभासद यांच्या नांवांनिशीं सांगितली, कीं आपल्या दिवाणखान्यांतील खुर्च्यांवर बसलेलीं माणसें तिच्यांत दिसूं लागतात. चहाच्या पेल्यावर ‘या देशाला एकदां हिटलरच पाहिजे’ असें हंसत हंसत म्हणणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. ते मुलांना कधींहि मारीत नाहींत.

हिटलर या विषयावर नवें पुस्तक लिहूं अगर भाषांतरूं इच्छिणाऱ्या मराठी लेखकांस आमची म्हणूनच एक विनंति आहे. आलोइस हिटलरला एक पान द्या. त्याला तेवढें पुरे. उरलेलीं पानें फ्रांझ फॉन पापेन यांना द्या. वेस्टफालियांतील सधन जमीनदार घराण्यांत १८७९ सालीं त्यांचा जन्म झाला. घोडदळांत त्यांनीं नांव मिळविलें. घरंदाज वागणूक, उत्तम घोडेस्वारी. न्यूरेम्बर्गच्या न्यायालयानें १९४६ त त्यांना निर्दोष म्हणून सोडलें. पुढें जर्मन न्यायमंडळानें दिलेली आठ वर्षांची शिक्षाहि पुरी झाली नाहीं. १९४९ त ते सुटले, १९५२ त त्यांनीं आपल्या आठवणी छापल्या आणि १९६९ सालीं वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षीं ते वारले. त्यांच्या बालपणाविषयीं आम्हांस अद्याप एकहि पुस्तक आढळलेलें नाहीं.